यागोदिनाची बस आणि आमचा अपक्ष नगराध्यक्ष

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर नुसता धुरळा उडाला होता. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण, क वर्ग नगरपरिषद, आणि दादा यावेळी एका अपक्षाच्या मागे होता. मतदान २ तारखेला आणि निकाल २१ ला, म्हणजे मधले अठरा-एकोणीस दिवस दादा आणि त्याची पोरं स्ट्राँगरूमबाहेर आळीपाळीने बसून. माणूस निवडून आला. रात्री दादाचा कॉल, आवाज पार बसलेला, म्हणाला बघ ताई, थेट नगराध्यक्ष असल्याचा हा फायदा, नगरसेवकांनी निवडायचा असता तर ह्याला कोणी उभंपण केलं नसतं.

दादाचं म्हणणं खरंय. पण मी राहते बेलग्रेडमध्ये, आणि हा पिक्चर इथे वीस वर्षांपूर्वी लागून गेलाय, म्हणून मला त्याच्याइतका आनंद काही झाला नाही.

सर्बियात २००४ ला पहिल्यांदाच लोकांनी थेट महापौर निवडले. शहर असेल तर त्याला 'ग्रादोनाचेल्निक' म्हणतात, छोटी ओप्श्तिना, म्हणजे नगरपालिका, असेल तर 'प्रेदसेदनिक ओप्श्तिने', काम साधारण तेच. आणि मग आपल्याकडे होतं तेच झालं, अध्यक्ष एकाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, बजेट अडकव, ठराव पाड. २००७ च्या शेवटी कायदा बदलला आणि २००८ पासून सभागृहच अध्यक्ष निवडतं, ते आजतागायत. एकदा प्रयोग केला, एकदा बंद केला, विषय संपला. आपल्याकडे २००१ ला थेट, मग बंद, २०१६ ला परत थेट, २०२० ला परत बंद, २०२२ ला परत थेट. सरकार बदललं की नगराध्यक्षाची निवडपण बदलणार हे आता नगरपरिषदेच्या शिपायालापण पाठ झालंय.

तर त्या २००४ च्या लाटेत निवडून आलेला एक माणूस म्हणजे यागोदिनाचा द्रागान मार्कोविच, सगळे त्याला पाल्माच म्हणायचे. माझी घरमालकीण, तिला मी तेता म्हणते म्हणजे आपली मावशी-काकू, ती मूळची यागोदिनाची. केबलची फॅक्टरी असलेलं मोरावा खोऱ्यातलं गाव. पाल्माने त्याच वर्षी स्वतःचा पक्ष काढला होता, नाव येदिन्स्त्वेना सर्बिया, म्हणजे 'एकसंध सर्बिया', पण ऑफिस, माणसं आणि ताकद सगळी यागोदिनात, म्हणजे आपल्या भाषेत शहर विकास आघाडीच की. तशी पाटी कोरी नव्हती, आधी तो आर्कानच्या पक्षातून खासदार झालेला. आर्कान म्हणजे युद्धातल्या निमलष्करी टोळीचा म्होरक्या, त्यामुळे पाल्माला कोणी संतबिंत समजू नये.

पण गावात काम दिसायचं. २००६ ला झू, मग ॲक्वा पार्क, मग मेणाच्या पुतळ्यांचं म्युझियम, यागोदिनासारख्या गावात! आणि सगळ्यात गाजल्या त्या बसेस. गावातल्या लोकांना, त्यात पेन्शनर आणि बायका जास्त, फुकटात ग्रीसला समुद्रावर, व्हिएन्नाला फिरवून आणायचा. तेता अशीच एकदा ग्रीसला जाऊन आली. तिच्या फ्रिजवर अजून निळ्या शिंपल्याचं मॅग्नेट आहे, एक कोपरा उडालेला, त्याखाली विजेचं बिल लावलेलं असतं. जेझ्वात कॉफी ढवळता ढवळता एकदा म्हणाली, पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र बघितला मी, आता तू सांग मी मत कोणाला द्यायचं. मी गप्प बसले. आपल्याकडे निवडणुकीआधी शिर्डी-तुळजापूर-अष्टविनायकाच्या गाड्या सुटतात त्यातल्या बायकांना आपण शहाणे लोक हसतो, पण घराबाहेर एकटीने चार दिवस काढायची ती आयुष्यातली पहिली वेळ असते हे आपल्या लक्षातच येत नाही.

मला सांगायचंय ते पुढचं आहे. थेट निवडणूक बंद झाली तरी पाल्माला काही फरक पडला नाही. २०१२ ला महापौरपद दुसऱ्याला दिलं आणि स्वतः सभागृहाचा अध्यक्ष झाला, गाव त्याचंच. कारण २००८ ला तो नव्वदच्या दशकातला सत्ताधीश मिलोशेविच याच्या जुन्या सोशालिस्ट पक्षाबरोबर गेला, आणि तो पक्ष त्यानंतर प्रत्येक सरकारात आहे, आधी डेमोक्रॅट्सबरोबर, २०१२ पासून व्हुचिचच्या, म्हणजे २०१७ ला राष्ट्राध्यक्ष झाला त्याच्या, लोकांबरोबर. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाल्मा वारला, तोपर्यंत बेलग्रेडमध्ये सरकार कोणाचंही असो, तो सत्तेच्याच बाजूला. विचार बदलले म्हणून नाही हो. रस्ता, हॉस्पिटल, मोठी फॅक्टरी, सगळ्याची सही राजधानीत होते, इतकी साधी गोष्ट आहे.

याला थोडा अपवाद म्हणून मला चायेतिनाचा मिलान स्तामातोविच आठवतो. चायेतिना म्हणजे पंधरा हजारांच्या आतबाहेरची ओप्श्तिना, पण झ्लातिबोर हिल स्टेशन तिच्या हद्दीत. हा २००४ पासून पुढे बरीच वर्षं तिथला अध्यक्ष. आधी माजी पंतप्रधान कोश्तुनित्साच्या पक्षात, मग दुसऱ्या एका नव्या पक्षात, मग स्वतःचा 'झ्द्रावा सर्बिया' ('निरोगी सर्बिया') काढला, म्हणजे पक्ष बदलले पण गाव नाही बदललं. २०१७ ला तर थेट व्हुचिचच्या विरोधात राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, मतं एक टक्क्याच्या जरा वर. (त्याच निवडणुकीत पांढरा सूट घालून फिरणारा बेली नावाचा पोरगा गंमत म्हणून उभा राहिला आणि नऊ टक्के घेऊन तिसरा आला. ते वेगळंच प्रकरण.)

मग ह्याला हे परवडलं कसं? झ्लातिबोरला गेलं की कळतं. जिकडे बघाल तिकडे अपार्टमेंट, पाइनच्या झाडांपेक्षा क्रेन जास्त, आणि बांधकामाची फी, टुरिस्टच्या मुक्कामाचा टॅक्स हे सगळं ओप्श्तिनेच्या तिजोरीत. ओप्श्तिनेने स्वतःची गोंडोला, म्हणजे रोपवे, केली, जवळजवळ ९ किलोमीटरची, जानेवारी २०२१ ला सुरू झाली. मी बसलेय त्यात, खाली रिब्निचा तलाव, वर तोर्निकचं शिखर, मस्त आहे. डोंगराचं वाटोळं झालं ते झालंच, त्याबद्दल त्याला माफी नाही. पण स्वतःचा पैसा असला की राजधानीला नाही म्हणता येतं, निदान काही वर्षं तरी.

अजून एक गोष्ट मला इथे आल्यावर कळली आणि मी चाट पडले. माझ्या पगारातून जो १० टक्के टॅक्स कापतात त्यातला मोठा वाटा मी राहते त्या गावाला जातो, बेलग्रेडला ६६ टक्के, इतर शहरांना ७७, छोट्या ओप्श्तिनांना ७४. म्हणजे गावात नोकऱ्या आल्या की नगरपालिकेत पैसा आपोआप येतो. आपल्याकडे दादाचा इन्कम टॅक्स दिल्लीला जातो, जकात तर कधीच गेली, घरपट्टी-पाणीपट्टी निम्मे लोक थकवतात, राहिलं काय तर अनुदान. आणि मुख्याधिकारी सरकारने पाठवलेला, त्याच्या सहीशिवाय गटारावरचं झाकणपण हलत नाही.

एवढं सगळं असून इथेपण अपक्षांचं सोपं नाहीये. मतपत्रिकेवर यादी असते, गावातल्या लोकांना 'ग्रुपा ग्राजाना' म्हणजे नागरिकांचा गट करून उतरता येतं, पण समोरच्या यादीचं नाव गाव कुठलंही असो 'अलेक्सांदर व्हुचिच' असंच सुरू होतं, राष्ट्राध्यक्ष काय गटारं बघायला येणारे का. जून २०२५ मध्ये कोस्येरिच नावाच्या बारक्या गावात विरोधकांची एकत्र यादी ५१ मतांनी हरली, २७ जणांच्या सभागृहात १४ विरुद्ध १३. आणि अशा ठिकाणी एक माणूस फुटला की खेळ खलास, त्याला इथे 'प्रेलेताच' म्हणतात, उडून पलीकडे जाणारा. आपला आयाराम-गयाराम बिचारा निदान पायी तरी जातो.

हे सगळं मी दादाला सांगितलं, चांगला पाऊण तास. थेट निवडायचा का नगरसेवकांतून यावर तुम्ही भांडताय, पण निवडून आल्यावर तो पैसे कुठून आणणार ते विचारा ना त्याला. दादा म्हणाला, तिकडं बसून बोलायला काय जातं तुझं. तेपण खरंय, मी काही स्ट्राँगरूमबाहेर थंडीत बसले नव्हते.

परवा दादाने ग्रुपवर फोटो टाकला. आमचे अपक्ष नगराध्यक्ष हातात शाल आणि बुके घेऊन मुंबईत एका मंत्र्यांच्या बंगल्यावर, खाली लिहिलेलं 'शहराच्या विकासकामांसंदर्भात सदिच्छा भेट'. मी नुसता बसचा इमोजी टाकला. दोन मिनिटांत दादाचा रिप्लाय, फक्त शाल दिलीय, प्रवेश नाही केलेला.