ऐतखाऊंसाठी हिताच्या चार गोष्टी

अठराव्या शतकात उत्तर जपानातल्या एखाद्या संस्थानाचे धनी म्हणून जन्माला आला असाल, तर अभिनंदन! नांगराला हात लावू नका. भात शेतकऱ्याने पिकवावा, कोठार तुमचं भरावं, आणि हाच सृष्टीचा नियम असल्याचं पंडितांनी कन्फ्यूशियसच्या आधाराने पटवून द्यावं. पंडित पोसायचे ते त्यासाठीच.

एडोच्या (म्हणजे आजच्या टोकियोच्या) बाजारात सोयाबीनला भाव आहे? डोंगर जाळून सोयाबीन पेरायला लावा. जमीन दमली की पड टाका. पडीक रानात कंदमुळं माजतील, त्यांच्यावर रानडुकरं माजतील, आणि १७४९ साली उत्तरेतल्या हाचिनोहे संस्थानात झालं तसं ती उभी पिकं फस्त करतील. माणसं उपाशी मरतील. घाबरू नका. त्याला ‘डुकरांचा दुष्काळ’ म्हणा. दोष डुकरांचा.

फक्त गावच्या वैद्यावर नजर ठेवा. हाचिनोहेतल्या आन्दो शोएकीने काढे देऊन गप्प बसायचं, तर तो लिहीत बसला. म्हणे, स्वतः कसून खाणं हेच माणसाचं जगणं. बाकी शोगुनपासून (म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशापासून) भिक्षूपर्यंत सगळे दुसऱ्याच्या ताटातलं ओरपणारे. बुद्ध, कन्फ्यूशियस, लाओत्से, कुणालाच सोडलं नाही. एका कथेत तर पशू, पक्षी, किडे, मासे सभा भरवून माणसांची लाज काढतात. (डुकरांनी तोंड उघडलं तर तुमची पंचाईतच.)

अशाला तुरुंगात टाकू नका, धाक पुरतो. १७५३ साली छापलेल्या तीन खंडांत त्याने धार बरीच बोथट केली. खरा दारूगोळा हस्तलिखितात दडवला.

१७६२ साली तो मेला, तरी झोपू नका. निइदा या त्याच्या जन्मगावच्या शेतकऱ्यांनी त्याला शेतीचा रक्षक देव ठरवून शिळा उभारली. पुरोहितांवर तुटून पडणारा माणूस, आणि त्याचाच देव! देवळाच्या मंडळींनी शिळा फोडायला लावली, त्याचं घरही पाडायला लावलं. देव कुणाला करायचं, हा शेवटी देवळाचा अधिकार.

१८९९च्या सुमारास कानो कोकिची या विद्वानाला ते हस्तलिखित बाड सापडलं, तेव्हा त्यालाही आधी वाटलं, लिहिणारा वेडा असावा. पाहा, तुमची मेहनत किती टिकाऊ! पुढे बाड टोकियो विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलं आणि १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत बहुतेक जळून गेलं. वाचले ते कुणीतरी वाचायला बाहेर नेलेले मोजके खंड. तेव्हा एवढं कराच: ग्रंथालयातलं पुस्तक कुणालाही घरी नेऊ देऊ नका.