सात प्रश्नांसाठी एवढा खटाटोप कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जीएडी-७ या चिंतेच्या प्रश्नावलीच्या सर्बियन रूपावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं असं : प्रश्न सातच, भाषांतर दोघांनी स्वतंत्रपणे केलेलं, परत मूळ भाषेत केलेलं उलट भाषांतर मुळाशी जुळलेलं, वर क्रोनबाख अल्फा (उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.९ आला की विषय संपला. त्यापुढे गुण आजाराशी जुळतात का हे तपासायला तज्ज्ञांना लोकांच्या शेकडो मुलाखती घ्यायला सांगणं म्हणजे संशोधकांनी स्वतःसाठी काढलेलं काम.

आधी अल्फा. सातही उत्तरं एकाच दिशेने जातात एवढंच तो सांगतो; ती दिशा आजाराची आहे का, हे सांगत नाही. त्यात दुसरा प्रश्न काळजी थांबवता न येण्याचा आणि तिसरा अति काळजी करण्याचा. असे जुळे प्रश्न असले की अल्फा फुगतोच. सर्बियातल्या बेलग्रेड किंवा नोवी सादच्या विद्यापीठात वर्गात कागद वाटले तरी तो आकडा मिळू शकेल. विद्यार्थी आयते हाताशी असतात, म्हणून तर अशा अभ्यासांत तेच दिसतात. पण उपचारांची गरज असलेले त्या वर्गात कितीसे असणार?

खरा वाद १० या आकड्याचा आहे. स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ही प्रश्नावली मांडली, तेव्हा अमेरिकेतल्या प्राथमिक उपचार केंद्रांतल्या ९६५ रुग्णांच्या मानसिक आरोग्य तज्ज्ञांकडून फोनवर मुलाखती झाल्या. त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर २१ पैकी १० गुणांवर रेघ ओढली, तर विकार असलेल्यांपैकी ८९ टक्के सापडत होते आणि नसलेल्यांपैकी ८२ टक्के बरोबर वगळले जात होते. हे आकडे त्या रुग्णांचे आहेत, भाषांतरासोबत ते आपोआप येत नाहीत.

तरी क्षणभर धरू की आले. सर्बियातल्या एखाद्या ‘दोम झ्द्राव्ल्या’त, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात, हजार जणांनी कागद भरला आणि त्यातल्या शंभरांना खरोखर विकार आहे. ८९ सापडतील; उरलेल्या नऊशेंपैकी १६२ उगाच अडकतील. पुढे पाठवलेल्या २५१ जणांत खरे रुग्ण जेमतेम ३५ टक्के. आता बरोबर वगळले जाणारे ८२ टक्क्यांचे ७० झाले, तर उगाच अडकलेले २७० होतात आणि खरे रुग्ण चारात एक. ही रांग तिथल्या मानसोपचार तज्ज्ञाच्या दाराशी लागते. आणि ८२ चे ७० व्हायला भाषांतर चुकावं लागत नाही. ‘काही दिवस’ आणि ‘निम्म्याहून जास्त दिवस’ या उत्तराच्या पर्यायांतलं काय निवडायचं, याची लोकांची सवय वेगळी असली तरी पुरतं.

खर्चाचा तुमचा मुद्दा मात्र रास्त आहे. तज्ज्ञांचा वेळ महाग. सर्बियात अशा मुलाखती होईपर्यंत १० चीच रेघ वापरून कोणाशी आधी बोलायचं एवढं ठरवलं, तर माझी हरकत नाही. त्याच रेघेवरून ‘सर्बियात इतके टक्के लोक चिंताग्रस्त’ अशी बातमी केली, की हरकत आहे.

क्रोएशियन रूपच वापरा, भाषा तर एकच, हेही तुम्ही सुचवलंत. ती एक की दोन या वादात मी पडत नाही; बाल्कनमध्ये त्यावरून मैत्र्या तुटतात. वाचायला अडचण येणार नाही, भाषांतराचे कष्टही वाचतील. रेघ मात्र पुन्हा तपासावीच लागेल.

शेवटी, शोधनिबंधात काय बघायचं, हे तुम्ही विचारलंत. मी आधी मुलाखती कोणाच्या घेतल्या ते बघतो, आणि मुलाखत घेणाऱ्याला गुण आधीच ठाऊक होते का. एकीकडे मनोरुग्णालयातले रुग्ण आणि दुसरीकडे ठणठणीत स्वयंसेवक बसवले, तर जवळजवळ कोणतीही प्रश्नावली हुशार ठरते. पण छातीत धडधडतं म्हणून आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे आलेला माणूस या दोघांच्या मधला. त्याला ही प्रश्नावली धडधडीबद्दल काही विचारतही नाही. अशा माणसांवर केलेला सर्बियन अभ्यास तुमच्या पाहण्यात असेल तर दुवा जरूर द्या.