पिनव्हील्स परत यावीत, निदान हिवाळ्यापुरती तरी

नॅबिस्को या अमेरिकन कंपनीची पिनव्हील्स नावाची मार्शमॅलो (साखरेची मऊ, फुगीर मिठाई) घातलेली बिस्किटे आता बनत नाहीत. ज्यांचे बालपण माझ्यासारखे नव्वदच्या दशकात न्यू जर्सीत गेले, त्यांच्यासाठी ही किरकोळ बातमी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

वडिलांच्या नोकरीमुळे तेव्हा आम्ही एडिसनला राहत होतो आणि आठवड्याच्या किराण्यात या बिस्किटांचा एक पुडा ठरलेला असे. खाली खुसखुशीत बिस्कीट, त्यावर पांढऱ्याशुभ्र मार्शमॅलोचा गुबगुबीत थर आणि या साऱ्याला वेढणारे गडद चॉकलेट, ज्यावर भिरभिऱ्यासारख्या वळणदार रेघा उमटलेल्या असत. आम्ही भावंडे आधी कडेचे चॉकलेट दातांनी अलगद सोलून काढत असू. ते तडकल्याचा बारीकसा आवाज, पाठोपाठ दाताला किंचित चिकटून सुटणारा मार्शमॅलो, आणि शेवटी उरलेले बिस्कीट दुधात बुडवायचे की तसेच खायचे यावरून होणारा वाद, हे सगळे मला आजही स्पष्ट आठवते. पुण्याहून आलेली आजी मात्र ती चाखत नसे, कारण मार्शमॅलोला घट्टपणा देणारे जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून करतात. ती आम्हाला बशीत बिस्किटे काढून द्यायची आणि स्वतः शेंगदाण्याचा लाडू खायची.

असे बिस्कीट बनवणे आणि टिकवणे कटकटीचे असते, हे मला मान्य आहे. साखरेचा पाक आणि जिलेटिन फेटून केलेला फेस बिस्किटावर सोडायचा, तो बसू द्यायचा आणि मग त्यावर चॉकलेटचे आवरण चढवायचे, असे तीन वेगवेगळे पदार्थ एकत्र नांदवावे लागतात. मार्शमॅलोतला ओलावा हळूहळू बिस्किटात उतरतो आणि ते सादळते, तर अस्सल चॉकलेट उन्हाळ्यात वितळू लागते. हिशेब करणाऱ्यांच्या ‘बंद करायच्या’ यादीत असा पदार्थ सहज वर येत असणार.

पण या अडचणीवरचा तोडगा नॅबिस्कोच्याच घरात शंभरहून अधिक वर्षे नांदतो आहे. त्यांची मॅलोमार्स ही बिस्किटे 1913 साली न्यू जर्सीतल्याच एका किराणा दुकानदाराला पहिल्यांदा विकली गेली. उन्हाळ्यात चॉकलेट वितळते म्हणून ती आजही बारमाही बनवत नाहीत; शरद ऋतूच्या तोंडावर ती दुकानात येतात आणि वसंतात त्यांचे उत्पादन थांबते. लोक वाट पाहतात आणि काही जण तर उन्हाळ्यासाठी पुडे फ्रीझरमध्ये साठवून ठेवतात. आपण हुरड्याची वाट अशीच पाहतो; तो मे महिन्यात मिळत नाही म्हणून कोणी रुसत नाही, उलट थंडी पडू लागली की शेतावर जायचे बेत आपोआप ठरू लागतात.

म्हणून माझे ठाम मत आहे की बारमाही परवडत नसलेला पदार्थ कायमचा बंद करण्याआधी कंपन्यांनी तो हंगामी करून पाहावा. पिनव्हील्स नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच बनवावीत, हवी तर आगाऊ मागणी घेऊन, आणि किंमत थोडी जास्त ठेवली तरी माझी तक्रार नसेल. आपल्याकडे कॅडबरी आणि ओरिओ विकणारी मॉन्डेलीझ हीच नॅबिस्कोची मालक कंपनी आहे, तेव्हा एवढे करणे तिच्या आवाक्याबाहेरचे नाही.

आणि परत आणायचीच असतील, तर जिलेटिनही बदलावे. लोट्टे कंपनी भारतात विकते त्या चोको पायमध्ये मार्शमॅलो असूनही पुड्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो, म्हणजे ही गोष्ट कारखान्याच्या प्रमाणावर करता येते. तशी पिनव्हील्स निघाली, तर आमच्यासारख्या कितीतरी घरांत तो पुडा आजी-आजोबांपुढेही ठेवता येईल.