एसी फिल्टर बदलला, म्हणे

शनिवारी गाडी सर्व्हिसिंगहून आली. चाळीस हजार किलोमीटरची सर्व्हिस, बिल ११,८४०. मी बिल ओळ न् ओळ वाचतो. बायको याला आजार म्हणते, म्हणू दे. तर त्यात एक ओळ होती, एसी फिल्टर, ६२० रुपये. चार ओळी खाली पुन्हा, एसी फिल्टर बदलण्याची मजुरी २५०. त्यावर १८ टक्के जीएसटी.

पार्किंगमध्येच ग्लव्ह बॉक्स उघडला, दोन्ही बाजू आत दाबून खाली सोडला, मागचं झाकण काढलं. आत माझा फिल्टर! माझा म्हणजे गेल्या वर्षी मी स्वतः नाना पेठेतून आणून बसवलेला. कडेला बॉलपेनने तारीख घातलेली, माझ्याच कोंबडीच्या पायाच्या अक्षरात. वर गुलमोहराची वर्षभराची पानं आणि एक मेलेली माशी.

लगेच फोन लावला. ॲडव्हायझर म्हणतो, "सर, टेक्निशियनने क्लीन करून परत बसवला असेल." अरे, क्लीन केला तर माशी काय पुन्हा येऊन मेली? आणि साफ करून बसवला तर ६२० कसले? "सर, चेक करून कॉल बॅक करतो." तो कॉल आजतागायत आलेला नाही. दुसरा मात्र संध्याकाळी आला. "सर, कंपनीतून फीडबॅकचा फोन येईल, प्लीज दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमच्यावर येतं." माशीचे किती कापू, तेवढं सांग.

आणि ते इंजिन ड्रेसिंग! इंजिनाला काय जखम झालीय? काळ्या नळ्यांवर चकचकीत पाणी मारायचं आणि साडेचारशे लावायचे. कन्झ्युमेबल्स १८५, म्हणजे हात पुसायच्या चिंध्या. मॅन्युअलमध्ये ऑइल लिहिलंय ३.१ लिटर, बिलात साडेतीन. वरचं ०.४ कोणाच्या भज्यांना गेलं? दर वेळी थ्रॉटल बॉडी क्लीनिंगचा आग्रह, लग्नात जिलबीचा करतात तसा. आपण बसायचं काचेच्या लाउंजमध्ये, मशीनची ती गोड कॉफी पीत, आणि गाडी आत अशा जागी नेतात की तिचं टायरसुद्धा दिसू नये. बाहेर येते तेव्हा सीट इतकी मागे की माझा पाय क्लचला पोचत नाही. कप होल्डरमधली टोलनाक्यासाठी जमवलेली चिल्लर गेली ती २०१९ मध्ये, पण मी विसरलेलो नाही.

"मग घरीच करा ना," असं सांगणारा प्रत्येक सोसायटीत एक असतो. केलं होतं, बाबा. वॉरंटी संपली त्या दिवाळीत केलं. पाने, फिल्टर रेंच, ट्रे, लोखंडी रॅम्प मिळून ४,२०० घातले, कारण मजुरीचे ८०० वाचवायचे होते. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, हात झटकले, व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. ड्रेन प्लगचा, म्हणजे ऑइल काढायच्या खालच्या बुचाचा, वॉशर मात्र जुनाच बसवला. वीस रुपयांचा वॉशर! रात्रभर थेंब थेंब. सकाळी पेव्हर ब्लॉकवर पुरणपोळीएवढा काळा डाग आणि दुपारी लिफ्टमध्ये नोटीस, "पार्किंगमध्ये गॅरेज चालवू नये." माझं नाव नव्हतं, पण आमच्याकडे रॅम्प आणखी कोणाकडे आहे? ते जुनं ऑइल अजून पाच लिटरच्या कॅनमध्ये बाल्कनीत आहे. भंगारवाला घेत नाही, ड्रेनेजमध्ये ओतायला मन धजत नाही. आई त्या कॅनवर तुळशीची कुंडी ठेवते.

तरी या वेळी सोडणार नव्हतो. फिल्टरचा फोटो काढला, तारीख दिसेल असा, माशीसकट. बिल खिशात घातलं, आता सोमवारी तिथे जाऊन आवाज चढवायचा, असं ठरवून ग्लव्ह बॉक्स वर ढकलला. कट्ट. बाजूचा स्टॉपर तुटला. बोटाएवढी प्लास्टिकची काडी.

गेलो सोमवारी. फिल्टरचं नंतर बघू म्हटलं, आधी तो स्टॉपर द्या. काउंटरवरचा पोरगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "सुटा येत नाही सर, पूर्ण ग्लव्ह बॉक्स घ्यावा लागेल. बसवून देऊ का?"