मामांचे गुलाब

मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेत एक सोशल नेटवर्क राहतं. चपलांच्या कपाटावर, राउटरला लागून, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर. त्याचा मालक, चालक आणि तक्रार निवारण अधिकारी मीच.

हेतू उदात्त होता. २०१३ मध्ये गूगलने ब्लॉग-बातम्या वाचायचं रीडर बंद केलं, २०१४ मध्ये ऑर्कुट हे सोशल नेटवर्क. कंपनीच्या मनात आलं की आपण बिऱ्हाड घेऊन रस्त्यावर. त्यापेक्षा मॅस्टोडॉन बरं, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं सोशल नेटवर्क. २०१६ पासून आहे, फुकट आहे, कोड सगळ्यांसाठी खुला आहे. आणि ते ॲक्टिव्हिटीपब नावाची भाषा बोलतं. ईमेलसारखंच हे: माझा सर्व्हर माझ्या घरी, तुमचा तुमच्या, तरी गप्पा चालू. २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने तिला मानकाचा दर्जाही दिला. आमच्या केबलवाल्यापर्यंत ही बातमी पोचली नव्हती.

मी त्याला म्हटलं, "पब्लिक आयपी हवा, म्हणजे इंटरनेटवर माझ्या घराचा स्वतंत्र पत्ता. तुमचं सीजीनॅट आहे, म्हणजे बऱ्याच घरांना मिळून बाहेर एकच पत्ता. माझ्या सर्व्हरकडे यायचं तर कुणाला दारच सापडत नाही."

"यूट्यूब चालतंय ना?"

"चालतंय."

"मग?"

या 'मग'ला कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये उत्तर नाही. दरमहा जादा पैसे कबूल केले, तेव्हा कुठे स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता, मिळाला.

मग प्लग. इस्त्रीचाही तोच. बाबांचा शर्ट कडक होईपर्यंत आमचं नेटवर्क जगाच्या नकाशावरून गायब. बाहेरचे सर्व्हर समंजस असतात. निरोप पोचला नाही तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवून बघतात. नातेवाईक थेट फोन करतात. "तुझं ते बंद पडलंय," असं सांगायला. चालू असताना 'आपलं' असतं.

हो, सगळे नातेवाईक आहेत त्यावर. मीच आणले. आत्याला समजावलं की इथे जाहिराती नाहीत, अल्गोरिदम नाही, जे शेवटी लिहिलं ते सगळ्यात वर दिसतं.

"म्हणजे माझे उकडीचे मोदक त्या पोराच्या बाईकखाली का गेले?"

"त्याने नंतर टाकली म्हणून."

"मग बसव की एक अल्गोरिदम. मोठ्यांना आधी दाखवणारा."

मामांची अडचण वेगळी. मॅस्टोडॉनवर एका पोस्टला मुळात पाचशे अक्षरांची मर्यादा. हळदीचे फायदे त्यात मावेनात. मर्यादा वाढवायची तर कोडात हात घालावा लागतो, हे त्यांना पटलं नाही. म्हणून ते फोटोंकडे वळले. रोज पहाटे दव पडलेला गुलाब, त्यावर सुप्रभात, शिवाय एक राखीव गुलाब दुपारसाठी. डिस्क भरत आली तेव्हा मी शक्य तितक्या नम्रपणे म्हटलं, "मामा, जरा कमी टाकता येतील का?"

"माझे फोटो तुला जड झाले?"

आता खुल्या नेटवर्कचा सगळ्यात सुंदर नियम असा, की कुणालाही सर्व्हर सोडून दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं आणि जाताना फॉलोअर्सही आपोआप नव्या पत्त्यावर नेता येतात. हे स्वातंत्र्य किती मोलाचं आहे यावर मीच मामांना गणपतीत तासभर ऐकवलं होतं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं होतं असं दिसतं. त्यांच्या मुलाच्या मदतीने रातोरात गेले. आई, आत्या, सगळे फॉलोअर्स मागोमाग.

जुन्या पोस्टी मात्र नेता येत नाहीत, त्यामुळे आधीचे गुलाब माझ्याच डिस्कवर राहिले. पुसायला गेलो तर आई म्हणाली, "राहू दे, दादाला कळलं तर काय वाटेल?" आणि माझ्या सर्व्हरवरून आई मामांना फॉलो करते, म्हणजे त्यांचा प्रत्येक नवा फोटो तिकडून येऊन एक प्रत माझ्याकडेही ठेवतो.

परवा मामांचा फोन आला. आवाजात राग नव्हता.

"काय रे, आता जागा झाली ना मोकळी?"