पाऊण इंची तीन एप्रिल

हार्डवेअरचं दुकान ऑनलाइन नेणं सोपं असतं, असं मला ज्या गृहस्थांनी सांगितलं त्यांचं स्वतःचं दुकान कपड्यांचं होतं. शर्टाला रंग असतो, साइज असते आणि ती साइज एस, एम, एल अशी सरळ अक्षरांत असते. माझ्या मामांच्या दुकानात साइज अपूर्णांकात असते, रंग गंजावर अवलंबून असतो आणि बऱ्याच वस्तूंना नावच नसतं. गिऱ्हाईक हवेत बोटं वळवून दाखवतं, "ते हो, त्याच्या खाली बसतं ते," म्हणतं, आणि दुकानात माल काढून देणारे अण्णा माडीवर जाऊन नेमकी तीच वस्तू घेऊन येतात. ही वस्तू वेबसाइटवर लोकांनी कशी शोधायची, असं मी विचारलं तेव्हा अण्णांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "फोन करतील की," ते म्हणाले.

दुकान सांगलीत, गणपती पेठेच्या अंगाला. वेबसाइटची हौस मामेभावाची. त्यानं वर्षाचे पैसे भरले, दुकानाच्या नावापुढे 'डॉट इन' लावलं आणि नोकरी लागल्यावर तो बंगळूरला निघून गेला. मी पुण्यात एका विम्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसते, म्हणजे घराण्याच्या हिशेबी मी 'कॉम्प्युटरमधली'. दिवाळीला आलेच आहे तर तेवढी यादी चढवून दे, असं मामा म्हणाले. वेबसाइटच्या मदतपानावर या कामाला तीन ओळी दिल्या आहेत: फाइल निवडा, खण जुळवा, 'आयात करा' दाबा.

यादी तयारच होती. मामांच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून ती निघाली. हे सॉफ्टवेअर इतकं जुनं आहे की ते लिहून देणारा माणूस आता तासगावकडे द्राक्षबाग करतो. यादीला सहा खण: माल, साइज, दर, शिल्लक, बारकोड आणि शेरा.

पहिली फाइल चढली आणि वेबसाइटवर एकच वस्तू दिसली. तिचं नाव मात्र पानंच्या पानं चाललं होतं. अर्धा इंची नळापासून सुरू होऊन ते खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, करवतीची पाती, टेफ्लॉन टेप अशी वळणं घेत सुतळीच्या बंडलापाशी थांबत होतं. दर ८५ रुपये. मामी चहा ठेवायला आल्या होत्या, त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढ्याला एवढं येत असेल तर मीच घेते."

हा प्रताप इंचाच्या खुणेचा. यादी चढवायची ती साध्या मजकुराची सीएसव्ही फाइल, आणि तिच्यात दोन खणांमध्ये स्वल्पविराम असतो, आणि खणाच्या आतच स्वल्पविराम आला तर तो मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवतात. अवतरणचिन्ह उघडलं की ते बंद होईपर्यंत जे येईल ते एकाच खणातलं, असा नियम. आणि इंचाची खूण म्हणजे आकड्याच्या डोक्यावर मारलेल्या दोन काड्या, दिसायला हुबेहूब अवतरणचिन्ह. मामांच्या नळानं अर्ध्या इंचावर अवतरण उघडलं आणि पुढचं अख्खं दुकान त्यात गेलं. सगळ्या खुणा पुसून तिथं 'इंच' असं लिहिलं तेव्हा माल पुन्हा आपापल्या ओळीत येऊन उभा राहिला.

मग मामांनी चष्मा लावून साइजचा खण वाचला. "हे काय गं, अर्धा इंची एल्बो एक फेब्रुवारीला येणार आहे का?"

एल्बो म्हणजे पाइप वळवायचा जोड. साइजच्या खणात तारखा होत्या. खूण गेली, 'इंच' हा शब्द शेजारच्या खणात गेला, आणि १/२ एकटं सापडल्यावर एक्सेलच्या शीटनं त्याची एक फेब्रुवारी केली. ३/४ ची तीन एप्रिल. ३/८ ची तीन ऑगस्ट. १/४ म्हणजे एक एप्रिल, हे मात्र मला योग्य वाटलं. दीड इंची माल तेवढा सुखरूप पोचला, कारण एकाच्या पुढे जागा सोडून १/२ लिहिलं की ते शीटला गणित म्हणून समजतं. म्हणजे दीड समजतं, अर्धा समजत नाही. मामा म्हणाले, "आमचा तो नवा पोऱ्यापण असाच होता."

तारीख काढून टाकावी म्हणून खणाचा प्रकार 'आकडा' केला, तर तिथं ४५,६८९ आलं. शीटच्या पोटात तारीख म्हणून काही नसतंच, १९०० सालापासून मोजलेले दिवस असतात. त्या मोजणीत १९०० सालची २९ फेब्रुवारीही धरलेली आहे, जो दिवस कधी उगवलाच नव्हता. एक्सेलच्या आधी लोटस १-२-३ नावाचा प्रोग्रॅम जोरात होता, त्यात ही चूक होती, आणि त्याच्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलनं ती तशीच चालू ठेवली. हे ऐकून मामांना एक्सेलबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. आधीच्या दिवाणजींची चूक पुढच्या वहीत ओढायची, नाहीतर ताळा बसत नाही, हे त्यांनी वडिलांच्या काळात पाहिलेलं आहे.

तोवर अण्णांनी कागदावर हिशेब मांडला होता. ४५,६८९ इंची एल्बो म्हणजे तोंडाशी अकराशे साठ मीटर रुंद. "असला एक नग कृष्णेला बसवला," ते म्हणाले, "तर पुराची कटकटच मिटली."

मामांना धीर यावा म्हणून मी त्यांना जनुकांची गोष्ट सांगितली. माणसाच्या जनुकांना अधिकृत नावं देणारी एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. काही जनुकांची नावं 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशी होती आणि शास्त्रज्ञांनी ती एक्सेलमध्ये टाकली की त्यांचे मार्च आणि सप्टेंबर व्हायचे. २०१६ मध्ये कोणीतरी तपासून पाहिलं, तर ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या होत्या त्यांतल्या साधारण पाचव्या भागात असले घोळ निघाले. शेवटी २०२० मध्ये समितीनं हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. 'सेप्ट-१' चं 'सेप्टिन-१' झालं, 'मार्च-१' मधल्या 'मार्च'च्या शेपटीला एक 'एफ' लागला. मायक्रोसॉफ्टनं हे आपोआप बदलणं बंद करायची सोय दिली ती त्यानंतर, २०२३ मध्ये.

मामा गंभीर झाले. "म्हणजे शास्त्रज्ञांनी माघार घेतली. मग आपण इंचाचं नाव बदलायचं का?"

खण आधी 'टेक्स्ट' करायचा आणि मग त्यात माल ओतायचा, हा पुस्तकी उपाय मला माहीत होता. मी तो केलाही. पण सीएसव्ही फाइलीला आपल्या खणांचे प्रकार लक्षात राहत नाहीत. ती नुसती अक्षरं आणि स्वल्पविराम जपते. मामा रात्री जेवण झाल्यावर "जरा बघतो" म्हणून फाइल डबल क्लिक करून उघडायचे, सेव्ह करून झोपायचे, आणि सकाळी पाऊण इंच पुन्हा एप्रिलमध्ये. दुकानाच्या मालकाला स्वतःची यादी बघायला बंदी कशी करणार?

उपाय अण्णांनी काढला. फळीवर नट आवळायचे पाने लावता लावता, मागे वळूनही न बघता ते म्हणाले, "सुतात लिवा की."

आठ सूत म्हणजे एक इंच. अर्धा इंच चार सूत, पाऊण इंच सहा सूत, तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत. सुतार, गवंडी, प्लंबर सगळे याच भाषेत माल मागतात. आणि 'सूत' नावाचा महिना जगातल्या कुठल्याच पंचांगात नसल्यामुळे शीटनं '४ सूत' ला बोट लावलं नाही. मामांनी उघडून पाहिलं, सेव्ह केलं, पुन्हा उघडलं. चार सूत चार सूतच राहिलं. अण्णांना त्या संध्याकाळी मामांनी स्वतः भडंग आणून दिलं.

अडचण इतकीच की 'सूत' देवनागरीत होतं. ओघानं मग मामांनी सगळीच यादी मराठीत करून घेतली, कारण गिऱ्हाईक 'हिंज' म्हणत नाही, बिजागरी म्हणतं. ती चढवली आणि वेबसाइटवर बिजागरीच्या जागी डोक्यावर तिरकी काडी असलेला इंग्रजी 'ए', त्याच्या शेजारी चारी बाजूंना पाय फुटलेलं एक वर्तुळ, मग काहीतरी तिसरंच, आणि पुन्हा तोच 'ए' अशी मिरवणूक निघाली. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, तीन-तीन बाइटांचं असतं. वाचणाऱ्यानं ते एकेक बाइट सुटं वाचलं की एका अक्षराची तीन भुतं होतात. 'बिजागरी'ची एकवीस झाली. मग फाइल दुसऱ्या एका प्रकारात सेव्ह केली, तर भुतं गेली आणि सगळीकडे प्रश्नचिन्हं आली. मामा म्हणाले, हे त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' असं नाव असलेला पर्याय निवडायचा असतो. तो यादीत साध्या सीएसव्हीपासून वेगळा लिहिलेला असतो, आणि आधी कुणी सांगितल्याशिवाय त्याच्याकडे लक्ष जायचं काही कारण नसतं.

बारकोडांचं फार सांगत नाही. तेरा आकडी, आपल्याकडच्या बऱ्याच मालाचे ८९० नं सुरू होणारे. शीटनं त्यांना 'आठ पूर्णांक नऊ, गुणिले दहाचा बारावा घात' असा शास्त्रीय पोशाख चढवला आणि तशीच फाइल झाली. सगळ्या कुलपांचा बारकोड एकच. मामांनी बारकोडचा खणच उडवला. फोटोंच्या खणात फोटोची थेट लिंक लागते, फोटो ठेवलेल्या पानाची चालत नाही, हे कळेपर्यंत प्रत्येक वस्तूखाली तुटलेल्या चित्राची खूण होती. तीही मामांना दुकानातल्या २०१९ च्या पुरातल्या मालाला शोभेशी वाटली.

शिल्लक हा खरा कठीण खण. तिथं आकडाच लागतो. "वायसर किती?" असं मी माडीकडे ओरडून विचारायचे आणि वरून उत्तरं यायची: "भरपूर." "अर्धं खोकं." "दोन ग्रोस, वर थोडे." "खिळे किलोत सांगू का पोत्यात?" शेवटी 'भरपूर' म्हणजे ५०० आणि 'बघून सांगतो' म्हणजे शून्य, असं आमचं ठरलं. शून्य टाकलं की वेबसाइट 'संपले' असं दाखवते. त्यावर अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. त्यांच्या मते या दुकानात काही संपत नाही, सापडायला वेळ लागतो.

एल्बोचे सगळे साइज एकाच पानावर यावेत म्हणून त्यांना एक 'पेरेंट' द्यावा लागतो. पेरेंट स्वतः विकायचा नसतो, त्याला दर नाही, शिल्लक नाही, त्यानं फक्त पोरं सांभाळायची. आणि फाइलीत तो पोरांच्या आधी यावा लागतो, नाहीतर पोरं आत घेत नाहीत. मामी म्हणाल्या, "म्हणजे आई. नीट सांग की."

राहिली खणांची जुळवणी. ती मामेभावानं बंगळूरहून, ऑफिसच्या मिटिंगमध्ये बसल्या बसल्या उरकली. "ऑटो-मॅप आहे, सगळं आपोआप जुळतं," असा त्याचा मेसेज आला, आणि खरोखरच सगळं जुळलं. मालाला माल, दराला दर. उरला शेरा, आणि वेबसाइटवर रिकामं राहिलं होतं 'थोडक्यात वर्णन'. त्या दोघांचं लग्न लागलं.

शेरा म्हणजे मामांनी वर्षानुवर्षं फक्त स्वतःसाठी लिहिलेली टिपणं. वेबसाइट सुरू झाली तेव्हा सगळ्या जगाला दिसत होतं: 'पितळी नळ, ४ सूत. दिसायला बरा. टिकत नाही.' 'कुलूप, मध्यम. किल्ली दुसऱ्या कुलपालाही लागते.' 'लोखंडी बिजागरी. २०१९ चा पुरातला माल. ओळखीच्याला देऊ नये.' काही ओळींत नुसतं 'कगमो' किंवा 'रसक' असं होतं. ते खरेदीचे भाव. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द आजोबांनी ठरवला होता, एकेका आकड्याला एकेक अक्षर, आणि तो मामांशिवाय कुणाला माहीत नाही. आता समोरच्या दुकानदाराला तो शोधून काढायला अख्खी वेबसाइट मोकळी होती.

मामेभाऊ फोनवर किंचाळत होता की शेरे काढा, ताबडतोब काढा. मी शीट उघडलंही होतं. तेवढ्यात पहिली ऑर्डर आली: नृसिंहवाडीहून, पुरातल्या बिजागऱ्या, दोन डझन.

मामांनी त्या माणसाला फोन लावला. पैसे घेण्यासाठी नाही, परावृत्त करण्यासाठी. "नका हो घेऊ, गंजलेल्या आहेत, चांगल्या देतो त्याच भावात." पलीकडून आवाज स्पष्ट येत होता. "मालक, आमच्या घरातसुद्धा पाणी होतं. सगळ्या दारांना पुरातल्याच बिजागऱ्या आहेत. चार नव्या लावल्या तर बाकीच्या डोळ्यावर येतात. तुमच्याच द्या."

फोन ठेवून मामांनी मला फक्त खरेदीची अक्षरं पुसायला सांगितली. बाकीच्या शेऱ्यांना हात लावायचा नाही म्हणाले, आणि ज्या ओळी रिकाम्या होत्या त्या भरायला स्वतः बसले. रात्री उशिरापर्यंत दोन बोटांनी टाइप करत होते. प्लॅस्टिकच्या नळाखाली आलं, 'हा घेण्यापेक्षा जुन्याचा वायसर बदलून पाहावा.' महागड्या कुलपाखाली, 'दार कसलं आहे ते आधी बघावं.' गिरमिटाखाली, 'शेजाऱ्याकडे असेल तर मागून घ्यावं.' आणि सुतळीच्या बंडलाखाली: 'सुतळी ४० रुपये, कुरिअर ७०. तुमच्या गावात मिळते. तरी पाहिजेच असेल तर आधी फोन करावा.'