टोळीतल्या 'भाऊ'चा भरवसा धरू नका
कोयता हातात घेऊन रील टाकणाऱ्या पुण्यातल्या पोरांवरचा एक लेख वाचला आणि राहवलं नाही. मी पर्वतीच्या पायथ्याशी राहतो. वाढदिवसाचा केक कोयत्याने कापताना टाळ्या वाजवणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्याच एकाची आई येरवडा तुरुंगात त्याला भेटण्यासाठी रांगेत उभी राहते, तेही पाहिलं आहे. भांडण कुणाचं होतं, हे त्या पोराला आजही नीट सांगता येत नाही.

'भाऊ पाठीशी आहे' असं वाटणाऱ्यांनी ५ जानेवारी २०२४ आठवावा. कोथरूडमध्ये टोळीच्या म्होरक्याला भरदिवसा गोळ्या घातल्या त्या त्याच्याच सोबत वावरणाऱ्यांनी. म्होरक्याचीच ही गत, मग गाडी चालवणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या पोराला कोण वाचवणार?

१९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, काय आहे हे मुलांना कुणी समजावतच नाही. टोळीचा सदस्य असणं हाच त्यात गुन्हा आहे. शिक्षा किमान ५ वर्षं, दंड किमान ५ लाख, आणि जामीन मिळणं महाकठीण. बाल न्याय कायद्यातही १६ वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालू शकतो. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं याच वस्तीत आहेत. एक गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीतच अडकतात.

गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना हात जोडून सांगतो, चौकातल्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर टोळीतल्या या 'भाऊं'चे फोटो लावू नका. बारा-तेरा वर्षांची पोरं ते रोज बघत शाळेत जातात.